फुटपाथचे पैसे जातात कुठे?

(पायी चालणारे, सायकलवाले नि बसने फिरणारे यांच्या रस्त्यावरच्या अडचणींबद्दल आम्ही पत्रं मागवली होती. उत्तरं देत आहेत नागपुरातले एक निवृत्त शाखा अभियंता. त्यांची सगळी नोकरी रस्त्यांच्या कामांवर झाली. पत्रांतली कार्यालयांची, कंत्राटदारांची आणि पुढाऱ्यांची नावं आम्ही वगळली आहेत. – संपादक)

प्रश्न : आमच्या घरापुढचा रस्ता सिमेंटचा झाला. कामाच्या फलकावर 'फुटपाथसह' असं ठळक लिहिलं होतं. रस्ता झाला, फलकही गेला, फुटपाथ काही आला नाही. कडेला मुरूम आणि मधे मधे गट्टू (पेव्हर ब्लॉक). माझे गुडघे दुखतात, भाजी आणायला गाड्यांमधूनच जावं लागतं. पैसे मंजूर होते तर गेले कुठे? – निवृत्त शिक्षिका, नरेंद्रनगर

बाई, पैसे कोणी खाल्ले असतील असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा ते त्याच रस्त्यात जिरलेले असतात, आणि कागदोपत्री सगळं नियमात असतं. म्हणूनच तक्रार केली की 'चौकशीत काही आढळले नाही' असं उत्तर येतं.

सिमेंट रस्त्याच्या अंदाजपत्रकातल्या बाबी कामाच्या क्रमानं लिहिलेल्या असतात. आधी खोदकाम, मग मुरूम-खडीचा थर, त्यावर डीएलसी म्हणजे कोरडं काँक्रीट, त्यावर जाड सिमेंट काँक्रीट, सांध्यातले डॉवेल बार म्हणजे लोखंडी सळया, बाजूची नाली, चेंबरची उंची वाढवणं. आणि अगदी शेवटच्या पानावर कर्ब (म्हणजे फुटपाथच्या कडेचा उंच काठ), फुटपाथ, पांढरे पट्टे, पाट्या. निविदा या सगळ्याची मिळून एकच निघते. काम सुरू झालं की जमीन आपले रंग दाखवते. नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती. पाणी लागलं की फुगते, त्यामुळे ठरल्यापेक्षा खोल खोदावं लागतं. कुठे जुनी पाण्याची लाइन निघते, कुठे कोणाच्याच नकाशावर नसलेली केबल. खर्च वाढतो. वाढीव खर्चाला मान्यता घ्यायची तर फाइल परत वरपर्यंत चढवावी लागते, आणि तेवढ्यात पावसाळा येतो. मग साइटवर बसून बेरीज-वजाबाकी होते. वर खर्च वाढला, तेवढी खाली 'बचत' दाखवायची. खाली कोण आहे? फुटपाथ. मोजमाप पुस्तकात त्या बाबीसमोर ठरलेल्या लांबीऐवजी एखादा तुकडा येतो, अंतिम देयक मंजूर रकमेच्या आत बसतं, सगळे सुटतात. तुमच्याकडचे ते मधले गट्टू म्हणजे तोच तुकडा असणार.

यातच दुसरी एक गंमत आहे. सिमेंटचा पट्टा आणि लोकांच्या कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये रस्त्याच्याच पातळीला जे गट्टू बसवतात, त्याला अंदाजपत्रकात 'शोल्डर' म्हणतात. तो फुटपाथ नाही. दुसऱ्याच दिवशी त्यावर गाड्या लागतात आणि ते नियमाविरुद्धही नसतं. फुटपाथ म्हणायचा तर कर्ब पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्यानुसार कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला निर्धोक मोकळी रुंदी किमान १.८ मीटर पाहिजे. निर्धोक म्हणजे मधे डीपी (विजेची पेटी) नाही, झाड नाही, जाहिरातीचा खांब नाही. तुमच्या गुडघ्यांना दीड-दीड फूट उंच चढायला लावतात ना काही जुने फुटपाथ, तेही या हिशेबात नापासच.

आता करायचं काय? माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. 'फुटपाथ का झाला नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. दोनच कागद मागा : मंजूर अंदाजपत्रकाचा गोषवारा आणि अंतिम देयकाचा गोषवारा. दोन्ही शेजारी ठेवा आणि शेवटच्या पानावरून वाचायला लागा. फुटपाथच्या बाबीची मंजूर मोजणी आणि प्रत्यक्ष मोजणी यांतला फरक तिथेच दिसेल. त्याच कायद्याच्या कलम २ (जे) मध्ये झालेल्या कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने घ्यायचाही हक्क आहे, पण तुम्हाला एवढं लागणार नाही. तो फरक हातात घेऊन 'राहिलेला फुटपाथ वेगळं काम म्हणून धरा' असं निवेदन द्या. जोडीला एवढं लिहा की १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. साहेब लोक हा परिच्छेद लक्ष देऊन वाचतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

प्रश्न : मी हिंगणा रोडकडून सायकलने लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनला येतो, पुढे मेट्रोने कॉलेजला. मेट्रोवर हजारो कोटी खर्च झाले म्हणतात. मग स्टेशनच्या पायऱ्यांपासून माझ्या घरापर्यंत सायकल चालवायला चार फूट जागा का नाही? – इंजिनियरिंगचा विद्यार्थी

कारण ते हजारो कोटी ज्या पाकिटात आले, त्या पाकिटावर पत्ता रुळांचा होता, तुमच्या गल्लीचा नाही.

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा २०१४ मध्ये मंजूर झाला, अंदाजे ८,६८० कोटींचा. त्यात केंद्राचा आणि राज्याचा वाटा, शिवाय जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या संस्थांचं कर्ज. असं कर्ज प्रकल्प अहवालात लिहिलेल्या गोष्टींवरच खर्च होतं. स्टेशनची इमारत, जिना, लिफ्ट, समोरचा थोडा भाग प्रकल्पात. त्यापुढचा रस्ता दुसऱ्या कुणाचा तरी. आणि नागपुरात 'दुसऱ्या कुणाचा' हा मोठा प्रश्न आहे. महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग, सगळ्यांचे रस्ते एकमेकांत गुंतलेले. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा तो डबल डेकर पूल गिनीज बुकात गेला. आता कामठी रोडवरही तसाच पूल झाला. तिन्ही मजल्यांवर इंजिनियरिंग झक्कास आहे. पायी माणूस सगळ्यात खालच्या मजल्यावर, आणि त्याचा रस्ता ओलांडायचा प्रश्न आहे तिथेच आहे.

पण तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट सांगतो. केंद्राचं मेट्रो रेल्वे धोरण २०१७ चं आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यातून लोकांना स्टेशनपर्यंत येता यावं म्हणून फीडर बस, चालायच्या आणि सायकलच्या वाटा यांची हमी राज्यानं प्रकल्प अहवालातच द्यायची. आपला पहिला टप्पा या धोरणाच्या आधीचा. दुसरा टप्पा मात्र नंतरचा : डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी. बुटीबोरी, कन्हान, कापसीकडचं ट्रान्सपोर्ट नगर, आणि तुमच्या कामाचं म्हणजे लोकमान्य नगर ते हिंगणा. म्हणजे तुमच्या रस्त्याचा प्रश्न आता हमीच्या कागदात आहे. त्या हमीत तुमच्या स्टेशनसमोर नेमकं काय लिहिलंय, ते मागा. खांबांचं काम संपून बॅरिकेड निघण्याआधी मागा. बॅरिकेड निघाल्यावर जो रस्ता 'पूर्ववत' करतात, तो खरंच पूर्ववत करतात, म्हणजे पूर्वी नसलेला फुटपाथ पुढेही नसतो.

आणि सायकल घेऊन मेट्रोत बसायला आपल्याकडे परवानगी आहे, हे ठाऊक असेलच. घरून निघालेली सायकल कॉलेजपर्यंत नेता येते. अर्थात कॉलेजच्या बाजूलाही रस्ता तसाच असेल, ते वेगळं.

प्रश्न : फुटपाथवर कितीही खर्च करा, चार दिवसांत तिथे हातगाड्या लागतात. हा जनतेच्या पैशाचा चुराडा नाही का? – कापड दुकानदार, सीताबर्डी

भाऊ, हातगाडीच्या शेजारी ज्या दुचाक्या लागतात, त्या कुणाच्या गिऱ्हाइकांच्या असतात? असो.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडून यायला हवेत. कुठे बसायचं आणि कुठे नाही, हे तिथे ठरायला पाहिजे. पालिकेच्या उपद्रव शोध पथकाची गाडी आली की माल उचलून पळायचं आणि गेली की परत मांडायचा, हा खेळ बर्डीवर सगळ्यांनी पाहिला आहे. त्याचाही खर्च जनतेच्याच पैशातून होतो. चालायची रुंदी आधी सोडून उरलेल्या जागेत विक्रीचा पट्टा आखला तर दोन्ही राहतात. जिथे एकूण जागाच दोन मीटर आहे, तिथे गाडी नको, हे मीही म्हणेन. चालणाऱ्यांची गर्दी ज्या रस्त्यावर असते, तिथेच फेरीवाला येतो. म्हणजे फुटपाथची गरज कुठे जास्त आहे हे त्यानं सर्व्हे न करता दाखवून दिलेलं असतं.

प्रश्न : मी मोरभवनवरून रात्री साडेआठची बस पकडते. पारडीकडे उतरते. आमच्या स्टॉपला आमदार निधीतून शेड झाली, तिच्यावर चार जणांचे फोटो आहेत. पण शेडसमोर नाली उघडी, दिवा नाही, रस्ता ओलांडायला डिव्हायडरवरून उडी मारावी लागते. शेडऐवजी हे केलं असतं तर? – खाजगी रुग्णालयातल्या परिचारिका

ताई, शेडवर फोटो लागतो, झेब्रावर लागत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतकंच.

उरलेलं अर्धं निधीच्या नियमांत आहे. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला पाच कोटी, खासदारालाही पाच कोटी. या पैशातून एकेकटं, सुटं, लवकर संपणारं काम करायला सोपं जातं. बसशेड हे त्याचं आदर्श उदाहरण : लांबी-रुंदी ठरलेली, जागा ठरलेली, उद्‌घाटनाला फीत. याउलट तुमच्या स्टॉपची खरी दुरुस्ती म्हणजे नालीवर झाकण (आरोग्य की बांधकाम, यावर भांडण), दिवा (विद्युत विभाग), डिव्हायडर कापून ओलांडायची जागा (वाहतूक पोलिसांची संमती) आणि रस्ता कुणाचा ते शोधणं. चार खात्यांचं एक काम कोणत्याच एका निधीत नीट बसत नाही, म्हणून होत नाही. खर्च शेडपेक्षा फार जास्त नसतो.

बसचंही तसंच. नागपूरची शहर बस, 'आपली बस', तिकिटाच्या पैशावर चालत नाही, बहुतेक शहरांत चालत नाही. तुटीची भरपाई पालिका करते. नव्या गाड्यांसाठी केंद्राची पीएम ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली : १०,००० इलेक्ट्रिक बस, ५७,६१३ कोटींची योजना, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. बातमी सगळी बसच्या आकड्याचीच झाली. त्याच योजनेत बसला प्राधान्य देणारी रस्त्यावरची कामं आणि एका वाहनातून दुसऱ्यात बदलायच्या सोयी यांचाही वेगळा भाग आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. बस चढणारा माणूस आधी आणि नंतर पायीच असतो. त्या पायी भागाला पैसे मागायचे तर योजनेतल्या या भागावर बोट ठेवून मागता येतात.

तोवर तुमच्यासाठी : शेडच्या पाटीवर निधीचं नाव नि वर्ष असतंच, त्याचा फोटो घ्या. त्याच लोकप्रतिनिधीला लिहा की 'आपल्या शेडला दिवा नसल्यानं महिला तिथे थांबत नाहीत'. फोटो असलेल्या शेडमध्ये लोक थांबत नाहीत, हे त्यांना परवडत नाही. दिवा येईल. ओलांडायच्या जागेला वेळ लागेल.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. ती सांगते, तिथे शहरांना सुरक्षित रस्त्यांसाठी वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्राकडूनच, थेट अनुदान मिळतं. आपल्याकडे असं का नाही? – निवृत्त बँक अधिकारी, प्रतापनगर

मुलगी बरोबर सांगते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून त्यांनी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं, खास रस्त्यावरचे मृत्यू कमी करण्यासाठी. त्यातली मला आवडलेली अट म्हणजे, आधी शहरानं आपला सुरक्षा आराखडा करायचा, कुठे कोण मरतंय ते नकाशावर दाखवायचं, मगच बांधकामाचे पैसे मागायचे. शिवाय किमान वीस टक्के स्वतःचे घालायचे. आराखड्यालाही त्याच योजनेतून पैसे मिळतात. तिथलं सगळं छान चाललंय असं नाही, पायी माणसं तिथेही गाड्यांखाली येतात. पण पैशाच्या पाकिटावर 'सुरक्षित रस्ता' असं नाव आहे.

आपल्याकडे पैसे वेगवेगळ्या नावांनी येतात. स्मार्ट सिटी अभियानात २०१६ मध्ये नागपूर निवडलं गेलं, पारडी-भरतवाडा-पुनापूर-भांडेवाडी हा भाग त्यात आला. ते अभियान मार्च २०२५ मध्ये संपलं. पंधराव्या वित्त आयोगाचा हवा शुद्ध करायचा पैसा दहा लाखांवरच्या शहरांना मिळाला. रस्त्यावरची धूळ कमी करायला कडेची जागा पक्की करणं त्यात बसतं, म्हणजे फुटपाथ 'धूळ नियंत्रण' या नावानं होऊ शकतो. अपघातप्रवण ठिकाणांसाठी, म्हणजे ब्लॅक स्पॉटसाठी वेगळा पैसा. त्याची केंद्राची व्याख्या अशी : महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, तिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात किंवा दहा मृत्यू. म्हणजे व्यवस्थेचं लक्ष जाण्याआधी इतकी माणसं जायला हवीत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. ती पाचशे मीटरच्या तुकड्यात रांगेनं मरत नाहीत. इथे एक, तिथे एक, चौकात, शाळेपुढे, बसस्टॉपसमोर. व्याख्येत न बसलेला माणूस निधीतही बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पालिकेच्या अर्थसंकल्पात पायी आणि सायकलच्या कामांना स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं पाहिजे, रस्त्याच्या पोटात नको. चेन्नई पालिकेनं २०१४ मध्ये धोरणच केलं की वाहतुकीच्या खर्चातला साठ टक्के हिस्सा चालणं आणि सायकलसाठी ठेवायचा. प्रत्यक्षात तेवढा झाला की नाही यावर तिथलेच लोक भांडतात, पण भांडायला आकडा तरी आहे. पुण्यानं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं. नागपुरात सायकल पट्टे आखायचे प्रयोग झाले, २०२० च्या 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेतही आपण होतो. रंग उडाला की प्रयोगही उडाला. देखभालीचा पैसा कोणत्याच शीर्षाखाली नव्हता, मग दुसरं काय होणार?

दंडाचं विचाराल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८ ए आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्यानं मृत्यू वा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. एक लाख! सिमेंट रस्त्याच्या निविदेत ही रक्कम डॉवेल बारच्या हिशेबात दिसणारही नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीला यंदाच्या बजेटमध्ये फुटपाथ घालून घ्यायचा आहे. कोणाला भेटावं? – सचिव, गृहनिर्माण संस्था, मानेवाडा

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पालिकेत प्रशासक होते, भेटायचं तर अधिकाऱ्यांनाच. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता तुमच्या प्रभागात नगरसेवक आहेत. नव्या नगरसेवकाला पहिल्या वर्षी कामं सुचवायची घाई असते, तिचा फायदा घ्या.

'फुटपाथ करा' असं पत्र नको. कुठून कुठपर्यंत, दोन्ही बाजू की एक, मधे किती डीपी नि किती झाडं, कोणत्या शाळेला किंवा स्टॉपला जोडतो, हे एका पानावर. दोनशे मीटर सलग मागा, दोन किलोमीटर तुटक नको. आणि काम मंजूर झालं की कार्यादेश निघायच्या आधी अंदाजपत्रक बघायला मागा. नरेंद्रनगरच्या बाईंना दिलेलं उत्तर वर वाचलंत, तेच शेवटचं पान. वर्षाअखेर 'पुनर्विनियोजन' म्हणून एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवतात. फेब्रुवारीत एक चक्कर मारा, नाहीतर तुमचा फुटपाथ कुणाच्या तरी डांबरीकरणात गेलेला असेल.

प्रश्न : मेडिकल चौकात सिग्नल हिरवा झाला की मी अर्ध्यात पोचेपर्यंत गाड्या सुटतात. मी हळू चालतो की सिग्नल चुकीचा आहे? – वय ७६, हनुमाननगर

काका, सिग्नलचा हिशेब साधारण सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाचा असतो. चोवीस मीटर रुंद रस्ता तो वीस सेकंदांत ओलांडेल. तुमच्या वयाचा माणूस ०.८ मीटरनं चालतो असं धरलं तर तीस सेकंद लागतात. दवाखान्याजवळच्या चौकात तर काठी टेकणारे, पट्टी बांधलेले, स्ट्रेचर ढकलणारे असेच लोक ओलांडतात, तिथे हिशेब त्यांचाच धरायला पाहिजे. मधे डिव्हायडरवर थांबायला माणूस मावेल एवढी जागा केली तर निम्मा प्रश्न सुटतो. सेकंद वाढवायला कंट्रोलरची सेटिंग बदलावी लागते, निविदा लागत नाही. वाहतूक शाखेला लिहा. त्याआधी कुणाला तरी सोबत घेऊन रस्त्याची रुंदी आणि हिरव्या दिव्याचे सेकंद मोजा, आणि ते आकडे मलाही पाठवा. पुढच्या अंकात तुमच्या चौकाचा हिशेब मांडतो.